विध्यर्थातील आरोग्य : प्राथमिक शाळेतील स्वच्छतेच्या पाठाची चिकित्सा

१

प्राथमिक शाळेच्या क्रमिक पुस्तकांकडे गद्यरचना म्हणून पाहण्याची प्रथा मराठी समीक्षेत फारशी रुजलेली नाही. कोणती कविता घेतली, कोणती गाळली, यावर अधूनमधून वाद झडतात. परंतु दात घासणे, नखे कापणे, हात धुणे यांविषयीचा जो पाठ महाराष्ट्रातील प्रत्येक पिढीने मोठ्याने वाचला, त्याची वाक्यरचना व त्यामागील गृहीते यांचा विचार भाषेच्या अभ्यासकांनी शिक्षणशास्त्राकडे सोपविला, आणि शिक्षणशास्त्राने तो केवळ अध्यापनतंत्राचा प्रश्न मानला. वस्तुतः छापील मराठी गद्याशी मुलाचा जो पहिला परिचय होतो, त्यात या पाठाचा वाटा मोठा असतो. हे गद्य कोणाशी बोलते, कोणाला गृहीत धरते आणि कोणाला वगळते, हा प्रश्न म्हणूनच भाषेचाही आहे.

इंग्लंडात ज्याला वैयक्तिक, सामाजिक व आरोग्य शिक्षण असे नाव आहे, त्यातील परस्परसंबंधांचे व आरोग्याचे शिक्षण तेथील सरकारी अनुदानावरील प्राथमिक शाळांत सप्टेंबर २०२० पासून अनिवार्य झाले. महाराष्ट्रात या नावाचा स्वतंत्र विषय नाही. तो परिसर अभ्यास, आरोग्य व शारीरिक शिक्षण, मूल्यशिक्षण आणि दररोजचा परिपाठ यांत विभागलेला आहे. स्वतंत्र नाव नसणे हा दोष नव्हे. मात्र जो विषय अनेक ठिकाणी विखुरला जातो, त्याची चिकित्सा करण्याची जबाबदारी कोणा एकाची राहत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

प्रस्तुत विवेचनासाठी नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूर हा परिसर कसोटी म्हणून घेतला आहे. पैनगंगेवरील सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळचा हा भाग पूर्वी हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्यात बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळाचा स्वतंत्र उल्लेख आहे. किनवट व राजुरा या तालुक्यांबरोबर हे मंडळ त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला द्विभाषिक मुंबई राज्यात आले. एका मंडळापुरता तालुका तोडावा लागला, ही गोष्टच येथील सीमेच्या स्वरूपाविषयी पुरेशी बोलकी आहे. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा बोली व उर्दू या भाषा या टापूत शेजारी शेजारी नांदतात. जो पाठ पुण्यात निर्विघ्न वाचला जातो, त्याचे या ठिकाणी काय होते, हे पाहिले असता त्या पाठाचे खरे स्वरूप उघड होते.

२

प्राथमिक शाळेत आरोग्य व आचरण शिकवावे, ही मागणी महाराष्ट्रात नवी नाही, आणि ती परदेशातून आलेलीही नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाचा जो आराखडा मांडला, त्यात वाचन, लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्य यांवरील थोडे पाठ यांचा समावेश होता. याच निवेदनात त्यांनी शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत, कारण तेच मुलांत मिसळून त्यांच्या गरजा जाणू शकतील, असेही सुचविले होते. या दोन सूचना एकत्र वाचल्या पाहिजेत. आरोग्याचा पाठ हवा, आणि तो देणारा मुलाच्या घराशी परिचित हवा, असा तो जोडविचार होता. पुढील काळात पहिली सूचना स्वीकारली गेली, दुसरी विसरली गेली.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाची जी योजना तयार केली, तिच्यात शरीर व आरोग्य यांचे ज्ञान सामान्य विज्ञानात घातले होते, आणि ते उद्योगाच्या अनुषंगाने द्यावयाचे होते. मुलाने आरोग्याविषयी ऐकावयाचे नसून आरोग्यासाठी काही करावयाचे, हा त्या योजनेचा गाभा होता.

याच दिशेचा, पण अधिक सूक्ष्म प्रयोग ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे केला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी, आणि गुरे राखणारी मुले कुरणात असतात म्हणून कुरणशाळा, हे दोन शब्द मराठीला मिळाले. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन आरोग्यशिक्षणाच्या दृष्टीने आजही वाचनीय आहे, ते एका कारणामुळे. वारली मुलांची स्वच्छता हा तेथे उपदेशाचा विषय राहिला नाही. त्यांना अंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे ही कामे शिक्षिकांनी स्वतः केली, आणि त्या कृतीतूनच पाठ सुरू झाला. पाणी कोठून आणावयाचे, कंगवा कोणाचा, हे प्रश्न त्यांना टाळता आले नाहीत. कारण उत्तर त्यांनाच द्यावयाचे होते.

या परंपरेच्या पार्श्वभूमीवर क्रमिक पुस्तकांतून व फळ्यावरून रूढ झालेला स्वच्छतेचा पाठ तपासला, तर तो तिचा वारस वाटत नाही.

३

या पाठाचे प्रमुख लक्षण त्याच्या क्रियापदात आहे. दात घासावेत, नखे कापावीत, जेवणापूर्वी हात धुवावेत, पाणी उकळून प्यावे, उघड्यावरचे पदार्थ खाऊ नयेत, अशी वाक्यांची माळ येथे आढळते. ही रचना विध्यर्थाची असून, तिच्यात कर्ता उच्चारावा लागत नाही. 'हात धुवावेत' या वाक्यात क्रियापद हातांप्रमाणे चालते. ते कोणी धुवावेत, हे सांगितले नाही तरी वाक्य पूर्ण होते. मराठीची ही सोय सुभाषितांना व नियमावलीला फार उपयोगी पडते. परंतु आठ वर्षांच्या मुलाशी बोलताना तिच्यामुळे एक विचित्र परिणाम घडतो. वाक्यात कर्ता नाही, म्हणून त्या कर्त्याची परिस्थितीही नाही. पाणी कोणी आणले, किती अंतरावरून आणले, ते आणण्यासाठी घरातील कोणती मुलगी शाळेला उशिरा आली, हे प्रश्न वाक्याच्या घडणीतच मावत नाहीत.

मराठी व्याकरणात विध्यर्थाचे कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता असे निरनिराळे अर्थ सांगितलेले आढळतात. स्वच्छतेच्या पाठाने त्यांपैकी कर्तव्य तेवढे उचलले आणि शक्यतेचा अर्थ सोडून दिला. जे करणे शक्य आहे तेच कर्तव्य ठरू शकते, ही नीतिशास्त्रातील साधी अट त्यामुळे पाळली गेली नाही. उन्हाळ्यात ज्या वस्तीवर घागरीसाठी रांग लागते, तेथे 'दररोज अंघोळ करावी' हे वाक्य आज्ञेपेक्षा आरोपासारखे ऐकू येते. ज्या घरातील माणसे सुगी संपताच ऊसतोडीला किंवा शहरातील बांधकामावर जातात, तेथील मुलाला 'वेळेवर जेवावे' हे वाक्य कोणत्या घराविषयी आहे, हेच कळत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत महाराष्ट्रातील शाळांत मूल्यशिक्षण आले, तेव्हा निश्चित केलेल्या दहा मूल्यांत राष्ट्रभक्ती, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन यांच्या पंक्तीस नीटनेटकेपणालाही स्थान मिळाले. नीटनेटकेपणा हा चांगला गुण आहे, यात शंका नाही. पण तो मूल्य ठरला की त्याचा अभाव हा दोष ठरतो, आणि दोष ठरला की त्याला धनी शोधावा लागतो. वर्गात हा धनी शोधणे फार सोपे असते. ज्याचा सदरा फाटका, ज्याच्या केसांना तेल नाही, ते मूल सर्वांसमोर असते. वैज्ञानिक दृष्टिकोन नसलेला माणूस मात्र असा एका दृष्टिक्षेपात ओळखता येत नाही.

४

या विवेचनाचा कस दातांच्या पाठावर पाहता येतो, कारण तेथे भाषेचा प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही.

नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याचे सर्वज्ञात आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा असून, भारतीय मानकातही अन्य स्रोत नसताना चालवून घ्यावयाची मर्यादा तेवढीच आहे. कायमच्या दातांचे कवच लहानपणी, साधारणतः वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, हिरड्यांच्या आत घडत असते. त्या काळात मूल असे पाणी पीत राहिले तर कवचाची घडण बिघडते, आणि दात उगवतात तेच खडूसारखे पांढरे ठिपके किंवा पिवळे-तपकिरी पट्टे घेऊन. हे डाग कवचातच असल्यामुळे कोणत्याही दंतमंजनाने ते जात नाहीत. दीर्घकाळ असे पाणी पोटात गेल्यास हाडे व सांधेही जखडतात. उपाय एकच : पाण्याचा स्रोत बदलणे किंवा त्यातील फ्लोराइड काढून टाकणे.

अशा विंधनविहिरीचे पाणी पिणाऱ्या एखाद्या वस्तीतील तिसरीचे मूल डोळ्यांसमोर आणावे. शुभ्र दात ही स्वच्छतेची खूण आणि डागाळलेले दात ही आळसाची, असे समीकरण फळ्यावर किंवा भिंतीवरील तक्त्यावर मांडले जाते. मूल रोज दात घासते, तरी डाग राहतात. त्याच्यापुढे दोनच निष्कर्ष उरतात. एक तर आपण चुकतो आहोत, किंवा पाठ खोटा आहे. पहिल्या निष्कर्षाने मूल तोंडावर हात धरून हसू लागते; दुसऱ्याने पुस्तकावरील विश्वास उडतो. दोन्ही निष्कर्ष आरोग्यशिक्षणाच्या विरुद्ध आहेत, आणि दोन्ही त्याच पाठातून निघालेले आहेत.

येथे पाठातील दोष माहितीच्या अपुरेपणाचा आहे, असे कोणी म्हणेल. फ्लोराइडविषयी चार वाक्ये घातली की तो दूर होईल. पण दोष त्याहून खोल आहे. कर्त्याविना असलेले वाक्य दिसावयास निःपक्ष असते, परंतु अर्थाने ते सर्व भार वाचणाऱ्यावर टाकते. रोगाचे कारण सवयीत असते, हे त्याचे न बोललेले प्रमेय आहे. पुष्कळ रोगांच्या बाबतीत ते अंशतः खरे आहे. हात धुण्याने अतिसार कमी होतो, हे निर्विवाद आहे. परंतु जेथे कारण विहिरीत आहे, तेथे सवयीचा पाठ मुलाचीच निंदा करतो. वैयक्तिक आरोग्य व सामाजिक आरोग्य ही दोन प्रकरणे वेगळी छापल्यामुळे हा अनर्थ घडतो. सार्वजनिक पाणीपुरवठा हा नागरिकशास्त्राचा भाग, दात हा विज्ञानाचा भाग. दातावरील डागातून ग्रामपंचायतीपर्यंत जाणारी वाट मात्र कोणत्याच पाठात येत नाही.

५

दुसरी अडचण शब्दांची आहे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ साली झाल्यावर प्राथमिक शाळेतही सुरक्षित व असुरक्षित स्पर्श समजावून सांगण्याची निकड सर्वांना पटली. पण त्यासाठी मुलाजवळ आपल्या शरीराच्या सर्व अवयवांची नावे असली पाहिजेत. प्रमाण मराठीत काही अवयवांसाठी एकीकडे वैद्यकीय संस्कृत शब्द आहेत, दुसरीकडे शिव्या आहेत. मधली, निःसंकोच पण सभ्य अशी बोली फार तोकडी आहे. ही उणीव आजची नव्हे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाला अश्लीलतेच्या आरोपास तोंड द्यावे लागले; १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. शरीराविषयी साधे बोलणे हाच गुन्हा ठरावा, अशी स्थिती तेव्हा होती. २००७ साली लैंगिक शिक्षणाला महाराष्ट्राच्या विधिमंडळात जो विरोध झाला, त्यावरून तो संकोच फारसा ओसरलेला नव्हता, असेच म्हणावे लागते.

इस्लापूरच्या परिसरात ही अडचण दुहेरी होते. गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोली घरी बोलणाऱ्या मुलाला शरीराचे, वेदनेचे व भीतीचे शब्द आईच्या भाषेत येतात. त्याला कोठे व कसे दुखते, हे शाळेच्या भाषेत सांगावयाचे तर प्रथम ते भाषांतरित करावे लागते; आणि जे सांगावयाचे आहे ते लज्जेचे असेल, तर भाषांतराच्या वाटेवरच ते थांबते. बालकाच्या शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर त्याची मातृभाषा असावी, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. गणितापेक्षाही आरोग्याच्या पाठाला हे तत्त्व आधी लागू व्हावयास हवे होते. बेरीज परक्या भाषेत शिकता येते; तक्रार परक्या भाषेत करणे कठीण असते.

या बाबतीत शेजारचाच एक दाखला आहे. कोमराम भीम यांच्या १९४० मधील बलिदानानंतर निजाम सरकारने आदिलाबादच्या गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना पाचारण केले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. थोडेबहुत मराठी वाचता येणारे गोंड तरुण तेथे शिक्षक म्हणून तयार केले गेले, आणि गोंडी भाषेची प्राथमिक पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. मारलवाई आज तेलंगणात आहे; परंतु तेव्हा ते व इस्लापूर एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होते. पुढे राज्यांतराच्या धामधुमीत गोंडी माध्यम टिकले नाही. तरीही मुलाच्या घरातील शिक्षक आणि मुलाच्या घरातील भाषा, ही फुल्यांच्या विचारातील विसरलेली अर्धी बाजू या मातीत काही काळ प्रत्यक्षात उतरली होती, याची नोंद मराठी शिक्षणाच्या इतिहासाने ठळकपणे घ्यावयास हवी.

६

या टीकेवर दोन आक्षेप येऊ शकतात, आणि दोन्ही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला असा की, राज्याचे पुस्तक सर्वांसाठी एकच असते. प्रत्येक वस्तीची विहीर त्यात येणार नाही. दुसरा याहून गंभीर आहे. स्थानिकतेच्या नावाखाली आदिवासी मुलाला वेगळा, सोपा पाठ दिला तर त्याच्या वाट्याला दुय्यम शिक्षण येईल. प्रमाण भाषा व सर्वसामान्य विज्ञान यांवर त्याचाही तेवढाच अधिकार आहे.

दुसऱ्या आक्षेपाचे बळ मान्य केलेच पाहिजे. मुलाची भाषा ही पाठाची सुरुवात असावी, शेवट नसावा. परंतु येथे मागणी सोप्या पाठाची नाही, अधिक खऱ्या पाठाची आहे. 'पाणी उकळून प्यावे' हे वाक्य 'आपल्या घरी पाणी कोण आणते व कोठून आणते?' या प्रश्नापेक्षा सोपे आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात पण फ्लोराइड जात नाही, हे ज्या वर्गाला कळले त्याला पुण्याच्या वर्गापेक्षा कमी विज्ञान आले असे कोण म्हणेल?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर राज्याच्या पुस्तकपद्धतीतच आहे. इयत्ता तिसरीच्या परिसर अभ्यासात जिल्ह्याची ओळख जिल्हानिहाय पुस्तकांतून करून देण्याचा मार्ग महाराष्ट्राने पूर्वीच स्वीकारला. जिल्ह्याच्या नद्या व डोंगर ज्या न्यायाने वेगळे छापले जातात, त्याच न्यायाने जिल्ह्याचे पाणी व जिल्ह्याचे रोगही छापता येतील. त्यापलीकडे वस्तीची विहीर पुस्तकात येण्याची गरज नाही. पुस्तकाने तिच्यासाठी जागा सोडली, एक प्रश्न व एक कोरी ओळ ठेवली, म्हणजे पुरे. विधानाच्या जागी प्रश्न आला की लुप्त झालेला कर्ता वाक्यात परत येतो.

या विषयाचा सर्वांत सुलभ पाठ तर पुस्तकाबाहेरच, शाळेच्या ओसरीवर, रोज दुपारी मांडलेला असतो. केंद्र सरकारची मध्यान्ह भोजन योजना १९९५ साली सुरू झाली, आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. हात धुणे, एका पंक्तीत बसणे, वाढणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, कोण कोणाशेजारी बसत नाही हे लक्षात येणे आणि ते का हे विचारणे, असे वैयक्तिक, सामाजिक व आरोग्य शिक्षणाचे तिन्ही भाग त्या अर्ध्या तासात एकत्र आलेले असतात. जपानने १९५४ साली शालेय भोजनाचा कायदा केला, तेव्हा भोजन हाही शिक्षणाचाच भाग मानला; तेथे मुले स्वतः वाढतात व स्वतः आवरतात. येथे मात्र खिचडी ही योजना राहिली, पाठ झाली नाही. तिचा हिशेब नोंदवहीत असतो, तिचा अर्थ वर्गात येत नाही.

स्वच्छतेच्या पाठाला तीन प्रश्न विचारावेत, एवढाच या चिकित्सेचा निष्कर्ष आहे. या वाक्याचा कर्ता कोण? ती कृती करण्याची साधने त्याच्यापाशी आहेत काय? आणि रोगाचे कारण खरोखर त्याच्या सवयीत आहे काय? जो पाठ या प्रश्नांना उतरेल, तो इस्लापुरात शिकविता येईल, आणि जो इस्लापुरात शिकविता येईल तो पुण्यातही अधिक चांगला ठरेल. कारण कर्ता तेथेही आहे, फक्त नळाला पाणी असल्यामुळे त्याची उणीव तेथे भासत नाही. ज्या मुलाच्या दातांवर विहिरीने डाग पाडले, त्याने वर्गात तोंड उघडून हसावे, आणि मग त्या विहिरीविषयी विचारावे, इतके या पाठाने साधले तरी फुल्यांनी १८८२ साली मागितलेले 'थोडे पाठ' सार्थकी लागले, असे म्हणता येईल.